पालकसभेच्या सूचनेतला ‘लोकसहभाग’ कुठून आला?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्हा परिषद शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचना येते. आधी प्रवेशोत्सव असतो. पहिलीच्या मुलांचं औक्षण, सजवलेल्या ट्रॅक्टरमधून किंवा बैलगाडीतून मिरवणूक, पाठ्यपुस्तकांचं वाटप. मग शाळापूर्व तयारी मेळाव्याचा दुसरा टप्पा. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आणि तिची विषयपत्रिका. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, पोषण आहार, गणवेश, लोकसहभाग, ऐनवेळी येणारे विषय. ‘सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे ही नम्र विनंती.’

या यादीतला ‘लोकसहभाग’ हा विषय दर वर्षी असतो आणि त्याचा अर्थ विचारायला कोणी उभं राहत नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे. पत्रे गळतात, संगणक बंद आहे, कंपाउंडची भिंत खचली आहे, आणि त्यासाठी गावाने काही द्यावं. एका शब्दाने इतका लांबचा प्रवास कसा केला, हे समजून घेतल्याशिवाय शाळेकडून घरी येणाऱ्या बातमीचं आजचं रूप उलगडत नाही.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. शाळा पालकाला काही कळवायची ते हुकूम म्हणून किंवा दवंडीतून. पुढे कित्येक गावांत शाळा भरली ती देवळात, चावडीत, कुणाच्या तरी पडवीत. खोली बांधायची वेळ आली तर माणसं श्रमदानाला यायची, लाकूड कोणी द्यायचं, जागा कोणी. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावाची शाळा कागदोपत्री जिल्ह्याची झाली. गावाने तिला ‘आमची शाळा’ म्हणणं मात्र सोडलं नाही. ही दुहेरी मालकी पुढच्या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

पश्चिम महाराष्ट्रात याच देण्याघेण्याला एक खास शब्द रूढ आहे, ‘शैक्षणिक उठाव’. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, बैठकीत आजही विचारतात, ‘तुमच्या शाळेचा उठाव किती झाला?’ आणि उत्तर रुपयांत येतं. मराठीत उठाव म्हणजे १८५७ चा उठाव. बाजारात मालाला उठाव असतो किंवा नसतो. नक्षी उठावाची असते. शिक्षणाच्या संदर्भात या शब्दात लोकांनी शाळेसाठी उभं राहण्याचा अर्थ होता असं मला वाटतं, कारण दुसऱ्या कुठल्या अर्थाने तो शब्द तिथे बसत नाही. पण नोंदवहीत उभं राहणं मोजता येत नाही, रक्कम मोजता येते. मग घड्याळ, सतरंज्या, पंखा, पाण्याची टाकी, वह्या, यांच्या किमती लावून बेरीज होऊ लागली आणि ती बेरीज म्हणजेच उठाव ठरला. ‘लोकसहभाग’ हा त्याच वाटेने नंतर गेलेला शब्द.

नव्वदच्या दशकात आणि विशेषतः २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात हा शब्द सरकारी कागदांत भरून आला. तेव्हा गावात ग्रामशिक्षण समिती असायची. जोडीला माता-पालक संघ आणि पालक-शिक्षक संघ. वर्गखोल्या बांधायचा निधी समितीच्या खात्यावर येई आणि बांधकामावर लक्ष ठेवायचं काम मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडे. सिमेंटच्या गोण्या मोजण्यात कित्येक गुरुजींची वर्षं गेली. पण या काळात ‘सहभाग’ म्हटलं की गाव, आणि गाव म्हटलं की ग्रामपंचायतीतली, पारावरची माणसं, हे गृहीत होतं. ज्यांची मुलं त्या शाळेत शिकत होती, ती बाईमाणसं आणि मजुरीला जाणारे बाप त्या खोलीत क्वचितच असायचे.

म्हणूनच १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने केलेली फेररचना मोठी होती. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. विनाअनुदानित शाळा यातून वगळल्या. महाराष्ट्रात जून २०१० मध्ये या समित्यांचा शासन निर्णय निघाला. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सदस्य सचिव. एका फटक्यात गावाची समिती पालकांची झाली.

या निर्णयावर गावोगाव जी नाराजी होती ती अजून पुरती गेलेली नाही, आणि तिच्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. ज्यांनी जमीन दिली, ज्यांनी खोल्या उभ्या केल्या, त्यांचं मूल आता शाळेत नाही म्हणून त्यांचा मताचा अधिकार गेला. मूल चौथी किंवा सातवी पास झालं की पालक समितीतून बाहेर. काम शिकेपर्यंत माणूस बदलतो. शिवाय ज्यांच्या हातात गावात दोन पैसे आहेत त्यांची मुलं बहुतेक तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसतात. म्हणजे समितीत बसणारे वेगळे आणि देऊ शकणारे वेगळे. लोकसहभाग म्हणजे वर्गणी हा अर्थ धरला, तर पालकांची समिती कमकुवत दिसणारच.

पण कायद्याने समितीला वर्गणी गोळा करायला सांगितलेलंच नाही. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं, ही कामं कलम २१ मध्ये लिहिली आहेत. आराखड्याची जबाबदारी कलम २२ पुन्हा स्पष्ट करतं. केंद्राच्या नमुना नियमांत तर महिन्यातून किमान एक सभा आणि तिचं इतिवृत्त लोकांना पाहायला उपलब्ध, असं म्हटलं आहे. आराखडा तीन वर्षांचा, त्याचे तीन वार्षिक तुकडे, आणि तो आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवा. यात मागणारा पालक आहे आणि उत्तर देणारी व्यवस्था आहे. लोकसहभागाच्या विषयात हे उलटं होतं, मागणारी शाळा आणि देणारा पालक. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे.

मी एका छोट्या शाळेच्या समितीवर पालक म्हणून होतो. मूळची वस्तीशाळा, दोन खोल्या, पट पन्नासच्या आत. पहिल्या वर्षी सभेची वहीच घरी आली. पोरगं दप्तरात घालून घेऊन आलं, ‘सहीला दिलीय’ म्हणालं. वहीत तीन ठराव लिहून तयार होते, सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा रिकाम्या. शेजारच्या वहिनी, त्याही सदस्य, त्यांनी पदराला हात पुसला आणि विचारलं, ‘दादा, कशाला आहे हे?’ तिसरा ठराव खेळाच्या साहित्याचा होता आणि रक्कम कोरी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. गुरुजी वाईट माणूस नव्हते. एकशिक्षकी शाळा, त्यातच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आणि सभेला माणसं येत नाहीत. त्यांनी रक्कम आमच्यासमोर भरली, पावती वहीला टाचली. त्यानंतर सभा शनिवारी सकाळी, मजुरीला जायच्या आधी घ्यायचं ठरलं आणि वहिनी एकदाही चुकल्या नाहीत. कायद्यातला सहभाग मला त्या टाचणीत दिसला.

२०१५ हे वर्ष या गोष्टीत वळणाचं आहे. त्या वर्षी २२ जूनला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या, प्रत्येक मूल शिकतं व्हावं यासाठीच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हद्दीतल्या, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या, फरशीवर अक्षरं आणि संख्या रंगवलेल्या खोल्या सगळीकडे दिसू लागल्या. पाठोपाठ ‘डिजिटल शाळा’ आल्या. प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब, यातलं बरंचसं गावकऱ्यांच्या आणि खुद्द शिक्षकांच्या खिशातून झालं. या उत्साहाला मी कमी लेखत नाही. इंग्रजी शाळेतून मुलं परत आणणाऱ्या शाळा त्याच काळात घडल्या. पण शाळेची बातमी म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे मिळालेली वस्तू, ही सवयही तेव्हाच लागली. देणगीदाराचा सत्कार बातमी झाला. आलेल्या अनुदानाचा खर्च बातमी झाला नाही. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेला एकत्रित अनुदान मिळतं. पट शंभरच्या आत असेल तर ते वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळं. रक्कम तुटपुंजी आहे हे पालकांना कळायला हवं, कारण कळलं तर ते वर मागतील. वर्गणीने भोक बुजवलं की मागणीच उरत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सअ‍ॅप गट घरोघरी पोचले. अभ्यासाचे दुवे पाठवायला झालेले हे गट शाळा उघडल्यावरही राहिले. सूचना वही मागे पडली. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, तिथे सूचना रात्री पोचते. आईला ती कुणीतरी वाचून दाखवावी लागते. २०२२ पासूनच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानाने हे ओळखलं, म्हणून मला तो उपक्रम मोलाचा वाटतो. मेळाव्यात मांडलेल्या टेबलांवरून मूल आईचं बोट धरून फिरतं, उड्या मारतं, मणी ओवतं, चित्रावर बोलतं, मोजतं, आणि काय जमलं, काय अजून जमत नाही हे आईला तिथेच समजतं. पुढचे काही आठवडे गल्लीतल्या मातांचे गट एकत्र बसून सराव घेतात. इथे पालकाकडे पैसा मागितलेला नाही, वेळ मागितला आहे, आणि बदल्यात माहिती दिली आहे.

मग १८ सप्टेंबर २०२३ चा दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय. लोकसहभाग या शब्दाचं टोक इथे दिसलं. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, मदत रोख नव्हे तर वस्तू आणि सेवांच्या रूपात द्यायची, आणि त्या काळापुरतं त्याने सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना एक कोटी, मोठ्या महापालिकांत दोन आणि तीन कोटी. शिक्षक संघटना आणि शिक्षण हक्काच्या कार्यकर्त्यांनी याला खासगीकरण म्हणून विरोध केला. योजनेच्या बाजूने सांगितलं गेलं की समाजाची मदत वाया न जाता एका चौकटीत येईल. गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलाला छप्पर कुणाच्या पैशाचं याने फरक पडत नाही, हा युक्तिवाद मी समजू शकतो. पण पन्नास लाख देणारा ‘लोक’ आणि शनिवारी सकाळी वही तपासणाऱ्या वहिनी ‘लोक’, हे दोघं एका शब्दात मावत नाहीत. कोटींच्या या मांडणीत मजुरी बुडवून सभेला येणाऱ्या पालकाचं काय स्थान, हा प्रश्न तेव्हा पुरेसा विचारला गेला नाही.

त्यानंतर उपक्रमांची गर्दी वाढतच गेली. जुलै २०२४ मधल्या शिक्षण सप्ताहाचा शेवटचा दिवस, रविवार २८ जुलै, समुदाय सहभागासाठी होता आणि त्याचं ठळक रूप होतं तिथीभोजन. गावातल्या कुणी वाढदिवसाच्या किंवा स्मृतिदिनाच्या निमित्ताने मुलांना जेवू घालायचं. मुलं पोटभर जेवली, फोटो चढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाली आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ पासून कागदावर असलेल्या सखी सावित्री समित्यांची एकदम चौकशी सुरू झाली. कित्येक पालकांनी ते नाव तेव्हा प्रथम ऐकलं. समिती आहे, तिची सभा कधी, तिच्यात कोण, हे गटावर कधी आलंच नव्हतं.

२०२५ मध्ये शाळा पातळीवरच्या डझनाहून जास्त समित्या एकत्र करून चारच ठेवायचा निर्णय झाला. शाळा व्यवस्थापन समिती, सखी सावित्री समिती, तक्रार निवारणाची समिती आणि विद्यार्थी सुरक्षा व सुविधा विकास समिती. मुख्याध्यापकांना यातून खरोखर श्वास घेता येईल, कारण एकेका शिक्षकाला महिन्यात डझनभर इतिवृत्तं लिहावी लागत होती. वही कमी झाली की ती वाचून दाखवायला वेळ मिळतो.

या वर्षीच्या सभांच्या यादीकडे कायद्यातल्या सहभागाच्या नजरेने पाहिलं तर पालकांसाठी महत्त्वाची सभा जूनची नाही. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तयार व्हायचा, म्हणजे डिसेंबरअखेर. त्याची चर्चा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सभेत व्हायला हवी, नेमकी स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या धामधुमीत. आमच्या शाळेत यंदा ती सभा नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी आठला ठेवली आहे. इतिवृत्ताच्या पानाचा फोटो त्याच दिवशी गटावर टाकायचा आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी दाराजवळच्या फळ्यावर खडूने ठराव लिहायचे, असं जूनच्या सभेत कायम झालं. सूचक म्हणून सही वहिनींची आहे.