‘आयबी’ म्हणजे पाढ्यांना सुट्टी?

आयबी म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही आंतरराष्ट्रीय शालेय शिक्षणपद्धती. ‘आयबीच्या प्राथमिक वर्गात अभ्यासक्रमच नसतो, मुलं मनाला येईल ते करतात’ हा पालकांमधला समज चुकीचा आहे. १९९७ पासून चालणाऱ्या, ३ ते १२ वयोगटासाठीच्या या कार्यक्रमात (पीवायपी, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्राम) सहा व्यापक विषयसूत्रं ठरलेली आहेत. प्रत्येक घटकाची मध्यवर्ती कल्पना शिक्षक आधीच लिहून काढतात.

पाण्याचा घटक घ्या. गळक्या नळाखाली मापपात्र दहा मिनिटं ठेवलं, ५० मिली जमलं. म्हणजे तासाला ३०० मिली, दिवसाला ७.२ लिटर. इथे पाढे कच्चे असले की गाडी अडलीच! म्हणून गुणाकाराचा सराव आधी, वेगळ्या तासाला.

फसतं कुठे? ‘काय शोधायचंय ते शोधा’ म्हणून शिक्षक मोकळे झाले, की इंटरनेटवरून उतरवलेले रंगीत तक्ते तेवढे भिंतीवर लागतात.