ट्रॉमा आणि विलगता : शरीराधारित व ऊर्जा-उपचार

मानसिक आघातानंतर, म्हणजे ट्रॉमानंतर, शरीरात उरलेली भीती, ताठरपणा, थरथर किंवा बधिरता यांवर शरीराच्याच वाटेने काम करणाऱ्या पद्धतींना शरीराधारित उपचार म्हणतात. श्वास, हालचाल, बसण्या-उभे राहण्याची ढब आणि आतल्या संवेदनांची दखल ही त्यांची साधने. शरीरात प्राण किंवा ‘ची’सारखी ऊर्जा वाहते आणि तिचा अडथळा दूर केला की मन मोकळे होते, असे मानणाऱ्या टॅपिंग, रेकी इत्यादी पद्धती ऊर्जा-उपचारांत मोडतात. दोन्हींचे नाव बरेचदा एका दमात घेतले जाते. त्यांच्यामागचा पुरावा मात्र एका तोलाचा नाही.

भीती शरीरात राहते हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, दातखीळ बसते. एरवी प्रसंग सरला की हे सारे ओसरते. आघात जबर असेल किंवा वर्षानुवर्षे चालला असेल, त्यातही लहानपणी आणि घरातल्याच माणसाकडून झाला असेल, तर ते ओसरत नाही. जिन्यावरची पावले किंवा एखाद्या तेलाचा वास एवढ्यानेही शरीर पुन्हा त्या दिवसात जाऊन पोचते.

पळताही येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही, तेव्हा मन बाजूला होते. हीच विलगता, म्हणजे डिसोसिएशन. ‘मी वरून स्वतःकडे बघत होते’, ‘हात माझे वाटेनात’, ‘मधला तास कुठे गेला कळलंच नाही’, असे लोक सांगतात. त्या वेळी ही सोय माणसाला तगवते; पुढे तीच सवय होऊन वर्गात, कचेरीत, संसारात आडवी येते. फ्रेंच मनोवैज्ञानिक पियेर जाने यांनी १८८९ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. जाणिवेपासून तुटलेली आठवण संवेदना व हालचालींच्या रूपाने परत येते, हे त्यांचे निरीक्षण आजच्या शरीराधारित उपचारांचा पाया मानता येईल. १९३० च्या दशकात विल्हेल्म राइश यांनी दडपलेल्या भावनांमुळे स्नायूंत साचलेल्या ताणाच्या ‘चिलखता’ची कल्पना मांडली. १९७० च्या दशकापासून पीटर लेव्हिन यांनी सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंग आणि १९८० च्या दशकात पॅट ऑग्डेन यांनी सेन्सरीमोटर सायकोथेरपी या शरीराधारित पद्धती विकसित केल्या. पीटीएसडीचा (आघातानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या मानसिक विकाराचा) विलगतेसह आढळणारा उपप्रकार मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानसूचीत आला तो मात्र २०१३ मध्ये.

चांगले सत्र बाहेरून बघणाऱ्याला फार साधे वाटेल. बोलता बोलता समोरच्या बाईंची नजर खिडकीवर स्थिरावते, आवाज सपाट होतो, उत्तरे उशिरा येऊ लागतात. थेरपिस्ट घटनेबद्दलचे प्रश्न तिथेच थांबवते. ‘पायाखालची फरशी जाणवतेय का? गार आहे की कोमट?’ बाई टाच दाबून बघतात. ‘खोलीत निळ्या रंगाचं काय काय दिसतंय?’ मग पाण्याने भरलेला स्टीलचा पेला दोन्ही हातांत. काही मिनिटांनी बाई सुस्कारा सोडतात, मान वळवून खोली बघतात. पुन्हा घटनेकडे जायचे ते चिमटीभरच: खांद्यातल्या ताणाकडे क्षणभर लक्ष, मग परत पायांकडे. आघात आणि आधार यांच्यात असे झुलत राहणे हेच या पद्धतीचे मर्म आहे. सगळे एकदम बाहेर काढून रडून मोकळे व्हावे, ही समजूत विलगता असलेल्या माणसाला फार महागात पडते. त्याचे मन पूर सोसत नाही, पुन्हा निघून जाते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेला क्रम म्हणूनच आजही पाळावा असा आहे: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग जगण्याशी पुन्हा नाते. पहिल्याच टप्प्याला कित्येक महिने लागू शकतात, आणि तो वेळ वाया गेलेला नसतो.

योगाच्या वापराबाबत बरा पुरावा आहे. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतर उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. आठवड्याला एक तास असे १० आठवडे योग केलेल्या गटातील ५२ टक्के स्त्रिया शेवटी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या. आरोग्यशिक्षणाच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. अभ्यास लहान आहे आणि हा योग आपल्या ओळखीच्या वर्गातला नव्हे. त्यात शिक्षक पाठीवर हात ठेवून आसन सुधारत नाही. आज्ञा नसते, ‘वाटलं तर हात वर न्या, नको असेल तर राहू द्या’ असे म्हटले जाते. डोळे मिटायची सक्ती नसते. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन झाले तेव्हापासून योगाला प्रयोगशाळेत नेण्याची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा मुद्दा योगशिक्षकांनी मनावर घ्यायला हवा: लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला अंधारात, डोळे मिटून, उताणे पडून केलेले शवासन सर्वांत अवघड आसन ठरू शकते. दीर्घ कुंभक किंवा जोराचा श्वासोच्छ्वासही काहींना थेट विलगतेत ढकलतो.

फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धत शरीराधारित उपचारांच्या काठावरची म्हणता येईल. प्रौढांच्या पीटीएसडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिची शिफारस केली. विलगता जास्त असेल तर तीही पूर्वतयारीशिवाय सुरू करत नाहीत. विलगता किती आहे हे पाहण्यासाठी २८ प्रश्नांची एक चाचणी प्रचलित आहे.

ऊर्जा-उपचारांपैकी टॅपिंग सर्वांत लोकप्रिय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांनी १९८० च्या दशकात ते सुरू केले, तर १९९० च्या दशकात गॅरी क्रेग यांनी सोपे करून ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) या नावाने पसरवले. तळहाताची करंगळीकडची कड, भुवईचे टोक, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याजवळचे हाड, काखेखाली आणि टाळू अशा जागी दोन बोटांनी टकटक करायची आणि त्रासाचे नाव घेत स्वतःला स्वीकारत असल्याचे म्हणायचे. पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांसह काही गटांत लक्षणे घटल्याचे अभ्यास आहेत. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ठरलेल्या बिंदूंऐवजी भलत्याच जागी, अगदी बाहुलीवर टकटक केल्यावरही भीती तेवढीच कमी झाली. म्हणजे उपयोग होत असेल तर तो भीतीचे नाव घेणे, सोबत आणि त्वचेवरचा ठोस स्पर्श यांमुळे, असे म्हणणे जास्त सयुक्तिक. रेकी, म्हणजे हातांवाटे ऊर्जा देण्याची पद्धत, १९२२ च्या सुमारास जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी सुरू केली. तिच्यासारख्याच ‘थेरप्युटिक टच’ या पद्धतीच्या, दुसऱ्याची ऊर्जा हातांना जाणवते असे मानणाऱ्या २१ उपचारकांना, पडद्याआड आपल्या कोणत्या हाताजवळ दुसऱ्याचा हात आहे हे २८० प्रयत्नांत ४४ टक्के वेळाच ओळखता आले. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आले असते. हा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शांत खोलीत कुणी मायेने वेळ दिला की बरे वाटते, यात शंका नाही. त्याला ट्रॉमावरचा उपचार म्हणून विकणे चूक आहे.

दोन धोके गंभीर आहेत. पहिला स्पर्शाचा: प्रत्येक वेळी परवानगी विचारलीच पाहिजे. विलग झालेली व्यक्ती सवयीने ‘चालेल’ म्हणते, तेव्हा तो होकार धरता येत नाही. दुसरा आठवणींचा: मांडीत कळ आली म्हणजे तिथे कधीतरी अत्याचार झाला, असा निष्कर्ष शरीरावरून काढता येत नाही. तसे सुचवणारा उपचारक माणसाचे आणि त्याच्या घराचे मोठे नुकसान करू शकतो.

भारतात विलगता अनेकदा ‘अंगात येणे’ या रूपात दिसते. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीतला संचार हा आजार मानला जात नाही. तो नको असताना येत असेल आणि जगणे विस्कटत असेल तरच आजार ठरतो. तिथे भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आधीच शरीर सोडून गेलेल्या माणसाला पुन्हा मारणे याहून वाईट काही नाही. याच्या अगदी उलट वाटेने ‘कोलकाता संवेद’ ही सोहिनी चक्रवर्ती यांची संस्था गेली: मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत तिने नृत्य आणि हालचालींतून काम केले.

‘हीलर’, ‘ब्रेथवर्क कोच’, ‘रेकी मास्टर’ अशी पाटी लावायला आपल्याकडे परवाना लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि उपचारकाला पहिल्याच भेटीत विचारावे: ‘सत्र चालू असताना माझं भान सुटलं, तर तुम्ही काय करता?’ ‘थांबतो, तुम्हाला खोलीत परत आणतो, आणि तुम्ही पूर्ण भानावर आल्याशिवाय घरी पाठवत नाही’ अशा अर्थाचे उत्तर आले तर पुढची वेळ घ्यायला हरकत नाही. ‘तेच तर आपल्याला हवंय, ऊर्जा बाहेर पडते’ असे आले, तर उठून यावे.