सांभाळणं वेगळं, साथ देणं वेगळं

बौद्धिक दिव्यांग लेकराची माय सकाळपासून त्याच्यामागं राबत असते, आंघोळ घालते, बटनं लावते, घास भरवते, आणि शेजारीपाजारी म्हणतात किती करते बिचारी. करतेच, वादच नाही. पण हे झालं सांभाळणं. साथ देणं म्हणजे लेकराला जिथं अडतंय तेवढ्यापुरताच हात लावायचा.

शर्टाचंच घ्या. वरची सगळी बटनं मायनं लावायची, शेवटचं अर्धं काजात घालून फक्त ओढायचं काम लेकराला ठेवायचं, ते जमलं की शेवटचं पूर्ण त्याचं, मग शेवटची दोन. विशेष शाळेत बऱ्याचदा असंच शेवटाकडून शिकवतात, कारण काम पुरं केल्याचा आनंद दर वेळी लेकरालाच मिळतो. महिने लागतात हो. आणि सांगून झाल्यावर गप थांबणं सगळ्यात अवघड, आपला हात आपोआप पुढं जातो, पण त्याला ऐकून, समजून हात हलवायला वेळ लागतो, तेवढा द्याच.

फिटच्या गोळ्या, विहीर, चूल, इथं मात्र सांभाळायलाच पाहिजे, तिथं प्रयोग नको.

खरी गडबड होते ती निवडीत. लातूर-धाराशिवकडं येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, अख्खं घर शेतात जातं, आंबील-भज्जीची पंगत बसते, आणि पंचविशीतलं पोरगं आजीजवळ घरी, का तर "त्याला काय कळतंय". पोट भरलं, लक्षही ठेवलं, पण त्याला विचारलं कुणी? बोलता येत नसलं तर दोन शर्ट समोर धरा, तो नजरेनं नाहीतर हातानं सांगतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट शॅलॉक यांनी चांगल्या जगण्याची आठ अंगं मांडली, त्यात तब्येत आणि पैसा-अडका ही दोनच, बाकी नाती, शिकणं, मनाचं समाधान, स्वतःचे निर्णय, चारचौघांत वावर आणि हक्क. नुसत्या सांभाळण्यात ही सहा राहून जातात असं मला वाटतं.

कायदापण तिकडंच चाललाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे कायद्यानं नेमलेला पालक आणि त्या दिव्यांग माणसानं एकमेकांवर भरवसा ठेवून मिळून निर्णय घ्यायचा. १८ वर्षांनंतर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व पाहिजे असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करतात. त्या समितीत कलेक्टरसोबत नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि एक दिव्यांग व्यक्तीपण असते. तिथं जाताना पोराला सोबत न्या, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी त्यालाच देऊ द्या.