स्टिअरिंग अँगल सेन्सरचे दोषनिदान
मोटारीचे स्टिअरिंग मध्यापासून कोणत्या बाजूला, किती अंश आणि किती वेगाने फिरले हे मोजणाऱ्या संवेदकातील बिघाड शोधण्याची पद्धत. हा संवेदक बहुधा स्टिअरिंग कॉलमवर, एअरबॅगच्या क्लॉक स्प्रिंगलगत (फिरत्या स्टिअरिंगमधील एअरबॅग व हॉर्नपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) असतो. बॉश व मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये बाजारात आणलेली ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्राम) प्रणाली याच्याच भरवशावर चालते: चालकाने मागितलेले वळण आणि गाडीने प्रत्यक्ष घेतलेले वळण यांत फरक पडला, की ती एखाद्या चाकाला ब्रेक लावते. सेन्सरने कळवलेला कोन संशयास्पद वाटला तर ती स्वतःला बंद करून डॅशबोर्डवर दिवा लावते. गाडी चालतच राहते, म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष होते. पावसाळ्यात कात्रज घाट उतरताना मात्र हीच प्रणाली हवी असते.

पुण्यात हा दिवा पुष्कळदा अलाइनमेंटनंतर, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतल्यानंतर, लागतो. खड्ड्यांनी टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे) खिळखिळे होतात, ते बदलले जातात, अलाइनमेंट होते, पण सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने शिकवायचा राहून जातो. मग ‘सेन्सर गेला’ असे निदान होते आणि नाना पेठेत सुट्या भागाचा शोध सुरू होतो. ही घाई बहुधा महागात पडते.

आधी एबीएस-ईएसपी मॉड्यूल (ब्रेक व ईएसपी सांभाळणारा संगणक) वाचून बिघाडाचे कोड दाखवू शकणारा स्कॅनर लावावा. स्वस्तातले अनेक स्कॅनर फक्त इंजिन वाचतात. सी००५१ हा कोड सेन्सरच्या सर्किटकडे, तर यू०१२६ सेन्सरशी तुटलेल्या संपर्काकडे बोट दाखवतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. खरी माहिती लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सर त्या क्षणी पाठवत असलेल्या आकड्यांत, असते. सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालवताना आकडा शून्याच्या आसपास हवा. सदाशिव पेठेच्या गल्लीत हे तपासता येत नाही. आकडा कायम पाच-सात अंश दाखवत असेल, तर दोष अलाइनमेंटचा किंवा कॅलिब्रेशनचा (शून्यबिंदू शिकवण्याचा). स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवताना आकडा दरवेळी एकाच जागी उडी मारत असेल, तर मात्र सेन्सरवर संशय पक्का होतो.

आकडाच येत नसेल, तर फ्यूज, कनेक्टर, अर्थिंग आणि बॅटरी पाहावी. बॅटरी काढून कॅनच्या (गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या) दोन तारांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम रोध मिळतो. हॉर्न आणि एअरबॅगचीही तक्रार असेल, तर क्लॉक स्प्रिंग तपासावी. ती उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे लागते. एअरबॅगच्या सर्किटमध्ये तोवर ऊर्जा शिल्लक असते.