रात्रपाळी (कारखान्यातील)

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातली शेवटची पाळी, बहुधा रात्री 10 ते सकाळी 6 अशी. कामगारांच्या बोलण्यात ‘नाईट’ किंवा ‘थर्ड’. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1990 च्या करारात मध्यरात्र ते पहाटे 5 हा काळ धरून सलग किमान सात तास केलेल्या कामाला रात्रकाम म्हटले आहे. भट्टी, काच, रसायने यांची कामे मध्येच थांबवता येत नाहीत, तिथे ही पाळी अटळ असते. यंत्रशाळांत मात्र ती महागडे यंत्र रिकामे राहू नये म्हणून लावतात. मुंबईच्या गिरणगावात चाळीतली एकच खोली वेगवेगळ्या पाळ्यांचे कामगार आळीपाळीने झोपायला वापरत. दिवसा झोपायची जागा कुठली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

शरीराचे तापमान पहाटे 4 ते 5 च्या सुमारास सर्वात कमी असते आणि पेंग तेव्हाच अनावर होते. सवयीने हे जाईल, हा समज चुकीचा आहे. घरी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन शरीराचे घड्याळ रोज पुन्हा दिवसाला जुळवते, त्यामुळे महिनोन्‌महिने नाईट करणाऱ्याचेही घड्याळ क्वचितच पूर्ण फिरते. दिवसाची झोप रात्रीपेक्षा दोन-तीन तासांनी कमी भरते. सलग 17 तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे 1997 च्या एका प्रयोगात आढळले. सकाळी 7 ला उठून दिवसभर घरचे काम करून पहिल्या नाईटला आलेला कामगार मध्यरात्रीच त्या अवस्थेला पोचतो. म्हणून पहिल्या नाईटच्या संध्याकाळी दीड तासाची झोप काढावी.

पाळीची फेरी. रात्रपाळीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ पाळीच्या वेळापत्रकात असते, आणि तिथे हात न घालता योगवर्ग वा व्याख्याने ठेवून काही हाती लागत नाही. रविवार सुट्टीचा आणि पाळी दर आठवड्याला बदलणारी धरली तर हिशेब असा निघतो. सरळ फेरीत (पहिली सकाळी 6 ते दुपारी 2, दुसरी दुपारी 2 ते रात्री 10, मग रात्र) पहिलीवरून दुसरीवर जाताना शनिवारी दुपारी 2 ते सोमवारी दुपारी 2 असे 48 तास मिळतात. दुसरीवरून रात्रीवर जातानाही 48. रात्रीवरून पहिलीवर येताना मात्र रविवारी सकाळी 6 ते सोमवारी सकाळी 6, म्हणजे फक्त 24. उलट्या फेरीत (रात्र, दुसरी, पहिली) हीच अंतरे 32, 32 आणि 56 तास होतात. बेरीज दोन्हीकडे 120 च.

उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते, म्हणून सरळ फेरी चांगली मानतात. पण त्या 24 तासांत तिचा फायदा वाहून जातो. रविवारची सकाळ झोपेत, संध्याकाळ घरच्यांसोबत, आणि सोमवारी पहाटे 4 ला पुन्हा उठायचे. कायद्यात हे बसते. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 57 प्रमाणे मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत सुट्टी म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे सलग 24 तास असत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे 1890 साली गिरणी कामगारांना रविवार मिळाला. नाईटवाल्याचा तो रविवार असा अर्ध्यावर येतो.

उपाय बिनखर्ची आहे. रात्रपाळीचा आठवडा सोमवारऐवजी रविवारी रात्री सुरू करून शनिवारी सकाळी संपवायचा. रात्री तेवढ्याच सहा, पण पहिलीवर येण्याआधी 48 तास मिळतात. 24 तासांचे अंतर मग दुसरी आणि रात्र यांच्यामध्ये सरकते, आणि तिथे शनिवारची अख्खी रात्र झोपायला असल्याने ते फारसे टोचत नाही. अडचण एवढीच, की रविवारी रात्री सुपरवायझर, मेंटेनन्सचा माणूस आणि कँटीन हजर ठेवावे लागते.

डबल. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा बदली माणूस, आला नाही की दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला थांबवून घेतात. त्याला ‘डबल मारणे’ म्हणतात. ओव्हरटाईमला दुप्पट दर असल्याने काही जण ते मागूनही घेतात. खरे कारण तुटपुंजी माणसे. दहा टक्के खाडे आणि रजा धरल्या तर 30 जागांसाठी 34 नावे हजेरीपटावर हवीत. 30 च असतील तर रोज सरासरी तीन डबल ठरलेले. दुसरी करून नाईटला थांबवलेल्या माणसाला निदान एकट्याने प्रेस किंवा फोर्कलिफ्टवर ठेवू नये.

पहाटेची चूक. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर पहाटे 4 ला इन्सर्ट, म्हणजे कापणारी पाती, बदलला; जॉबचा (घडवायच्या भागाचा) बोअर, म्हणजे आतले भोक, 0.02 मिमी लहान भरला. ऑपरेटरने ऑफसेटमध्ये (हत्याराची जागा सुधारणाऱ्या आकड्यात) 0.02 ऐवजी 0.2 टाकले. बोअर लहान राहिला तर पुन्हा काढता येतो, 0.18 मोठा झाला की जॉब भंगारात. पुढचे जॉब न मोजता गेले तर सकाळी अख्खा क्रेट लाल रंगाचा, म्हणजे नापास मालाचा. कंट्रोलमध्ये एका वेळी भरायच्या ऑफसेटवर मर्यादा घालावी, आणि इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला जॉब दुसऱ्याने मोजावा. सेटिंग, डाय (साचा) बदलणे, टाकीसारख्या बंदिस्त जागेतली दुरुस्ती ही कामे शक्यतो रात्री 2 च्या आत उरकावीत.

रात्री 2 ते 4 मध्ये आळीपाळीने 20 मिनिटांची डुलकी आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे यंत्रापासून लांब, ही सोय स्वस्तातली. पण ‘ड्युटीवर झोपला’ म्हणून मेमो मिळतो, मग लोक पॅलेटच्या मागे, फोर्कलिफ्टच्या वाटेवर लपून झोपतात. मेमोपेक्षा खाट बरी.

खाणे आणि प्रकृती. रात्री शरीर साखर नीट पचवत नाही. 1 वाजता भात-आमटीचे भरलेले ताट म्हणजे 2 ला पेंग आणि सकाळी ॲसिडिटी. मुख्य जेवण घरून निघण्याआधी करावे; मध्यरात्री चपाती, उसळ, ताक; पहाटे फुटाणे किंवा केळे. चहा 3 पर्यंतच, कारण कॅफीनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असतो आणि 8 ला झोप लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या मात्रेची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. फिट येणाऱ्यांना आणि गर्भवतींना नाईट देऊ नये. रात्रपाळीचे काम बहुधा कर्ककारक असल्याचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये केले आणि 2019 मध्ये कायम ठेवले.

कारखान्याचा डॉक्टर मात्र अनेकदा जनरल शिफ्टपुरता (दिवसाच्या पाळीपुरता) असतो. दर 150 कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आणि 500 हून अधिक असतील तिथे रुग्णोपचार खोली कामाच्या सर्व वेळेत उपलब्ध हवी, असे कारखाने अधिनियमात होते. रात्री त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हे गेटवरच्या वॉचमनला विचारून पाहावे. स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवण्यास याच अधिनियमाच्या कलम 66 ने मनाई होती; 2020 च्या श्रमसंहितेने त्यांच्या संमतीची आणि सुरक्षेची अट घालून ती सैल केली.

पाळी सुटल्यावर दुचाकीने घरी जाणे हा रात्रपाळीचा सर्वात धोक्याचा अर्धा तास. कंपनीची बस दुसरी पाळी सोडायला असते, नाईटवाल्यांना ‘उजाडलेय की’ म्हणून नाकारतात.