माहिती अधिकारात झेरॉक्स नको, फाईल मागा

ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की बऱ्याचदा असे पत्र येते: "आपण मागितलेली माहिती ९०० पृष्ठांची असून प्रतिपृष्ठ २ रुपयांप्रमाणे १८०० रुपये भरावेत." माणूस तिथेच थबकतो. गंमत अशी की तीच नोंदवही कार्यालयाच्या संगणकात एका फाईलमध्ये पडलेली असते. पण अर्जात "माहिती मिळावी" एवढेच लिहिले, तर कागदच मिळणार.

संगणकातली माहिती संगणकीय स्वरूपातच मागण्याची सोय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये पहिल्यापासून आहे. कलम २(च) मधल्या 'माहिती'च्या व्याख्येत ईमेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री येते, आणि इलेक्ट्रॉनिक प्रत घेण्याचा हक्क कलम २(ञ) देते. त्याहून कामाचे कलम ७(९): ज्या स्वरूपात मागितली, सर्वसाधारणपणे त्याच स्वरूपात माहिती द्यायची. अपवाद दोनच. कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर त्याच कामात अडकणार असेल, किंवा मूळ अभिलेखाला धोका असेल. हेच कलम दाखवून माहिती साफ नाकारल्याची उत्तरे मी पाहिली आहेत, पण ते नाकारण्याचे कलम नव्हे. त्याने फार तर स्वरूप बदलता येते. आणि ९०० पाने छापण्यापेक्षा एक फाईल कॉपी करण्यात जास्त मनुष्यबळ कसे लागते, हे कार्यालयाने सांगावे.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. त्या गावचा रहिवासी असण्याची अट नाही. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूसही अर्ज करू शकतो. संस्थेच्या लेटरहेडवर मात्र लिहू नका, हक्क नागरिकाला आहे, म्हणून स्वतःच्या नावाने लिहा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही, कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. "कशाला पाहिजे?" असा प्रश्न टेबलापलीकडून येईलच, हसून सोडून द्यावा.

कागदपत्रे फारशी लागत नाहीत. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांतल्या जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि १० रुपये शुल्क. ते रोखीने, डिमांड ड्राफ्टने किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते, आणि स्टॅम्प सगळ्यात सोयीचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडावी, त्याला शुल्क नाही. ओळखपत्राची एक प्रत जवळ असू द्या, म्हणजे खिडकीवर वाद घालण्यात दुपार जात नाही. अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पुढची सगळी मुदत त्या शिक्क्यावरून मोजली जाते. राज्य शासनाचे आरटीआय ऑनलाइन पोर्टलही आहे, तिथल्या यादीत तुमचे कार्यालय आहे का ते आधी पाहा.

खरी मेहनत मजकुरात आहे. राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. नोंदवही कोणती, कुठल्या काळातली आणि कोणत्या स्वरूपात हवी, हे तिन्ही त्यात बसायला हवे. "गावातल्या खर्चाची सर्व माहिती" असे लिहिणे म्हणजे टोलवाटोलवीला आमंत्रण. ग्रामपंचायतीत प्रत्येक नोंदवहीला नमुना क्रमांक असतो, तो वापरा. नमुना १ अंदाजपत्रक, नमुना ५ सामान्य रोकडवही, नमुना ८ कर आकारणी नोंदवही. मी साधारण असे लिहितो:

"१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील नमुना ५ ची संगणकीय प्रत. ती ज्या स्वरूपात (एक्सेल, सीएसव्ही) उपलब्ध आहे त्याच स्वरूपात द्यावी. छापून पुन्हा स्कॅन केलेली प्रत नको. फाईल ईमेलवर पाठवावी, शक्य नसल्यास सीडीवर द्यावी. वैयक्तिक तपशिलाचे रकाने असल्यास ते कलम १० नुसार वगळून उरलेला तक्ता द्यावा."

शेवटचे वाक्य विसरू नका. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम ८(१)(ञ) बदलले असून, आता 'वैयक्तिक माहिती' एवढे कारणही नकाराला पुढे केले जाते. मोबाईल आणि आधार क्रमांकाचे रकाने आपणच सोडून दिले की ती वाट अरुंद होते. सार्वजनिक हित मोठे असेल तर कलम ८(२) चा आधार अजून आहे.

पेन ड्राइव्ह घ्यायला कार्यालये व्हायरसच्या नावाखाली का-कू करतात, म्हणून ईमेल आणि सीडी असे दोन्ही पर्याय लिहावेत. राज्याच्या नियमांत अजून 'डिस्केट किंवा फ्लॉपी' हेच शब्द आहेत, त्यासाठी ५० रुपये. वीस वर्षांपूर्वीची भाषा, पण १८०० रुपयांपुढे ५० वाईट नाहीत.

संगणकात आहे तेच मागता येते, हे मात्र लक्षात ठेवा. वॉर्डनिहाय तुलनात्मक तक्ता करून द्या, असे सांगता येत नाही. नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सीबीएसई प्रकरणात म्हटले आहे. कच्ची फाईल मागा, बेरजा घरी करा. ग्रामसभेचे चित्रीकरण हवे असेल तर उशीर करू नका, अशा फाईली पुसल्या जातात.

अर्जाआधी दोन ठिकाणी डोकवा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि केलेली देयके कुणालाही दिसतात. आणि २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिका, जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. फाईलचे नेमके नाव तिथे कळले की अर्ज अर्धा झाला.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. एक खाचखळगा सांगतो: शुल्काचे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस या ३० मध्ये धरत नाहीत. एकोणतिसाव्या दिवशी पत्र धाडण्याची युक्ती त्यातूनच आली, तेव्हा पैसे लगेच भरा. मुदत उलटली तर मात्र कलम ७(६) नुसार माहिती फुकट.

उत्तर नाही किंवा स्कॅन केलेली पाने हाती पडली, तर ३० दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील. अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या फलकावर असायला हवे. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्यानंतर ९० दिवसांत जोडपत्र 'क' मध्ये राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील, त्यालाही २० रुपयेच. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर ठेवा. तिथे "माहिती मिळाली नाही" असे मोघम न लिहिता "कलम ७(९) नुसार मागितलेल्या स्वरूपात दिली नाही" असेच लिहा, आणि मूळ अर्जाची शिक्क्याची प्रत सोबत जोडा.