कैरीचं पन्हं

कैरीचं पन्हं म्हणजे उकडलेल्या किंवा भाजलेल्या कैरीचा गर, त्यात गूळ नाहीतर साखर, चवीपुरतं मीठ, वेलची, जमलं तर केशर, आणि मग भरपूर गार पाणी. महाराष्ट्रात चैत्र-वैशाखात घरोघरी होतं आणि चैत्रातलं हळदीकुंकू तर याच्याशिवाय होतच नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे कोकम, लिंबू, वाळा, ताक असं बरंच काही पितात पण पन्नास माणसं येणार असतील तर पन्ह्यासारखं सोयीचं काही नाही, कारण याचा गर आदल्या दिवशी करून ठेवता येतो आणि ऐनवेळी फक्त पाणी घालून ढवळायचं असतं. ताकाचं तसं होत नाही, ते ठेवलं की आंबट होत जातं, आणि लिंबाचं सरबत आदल्या दिवशी केलं तर कडवट लागतं.

चैत्रगौर आणि हळदीकुंकू

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसवतात, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. या महिनाभरात सोयीचा दिवस बघून शेजारपाजारच्या, नात्यातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. दारात चैत्रांगणाची रांगोळी, गौरीपुढे आरास, आणि आलेल्या बाईला भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कैरी घातलेली वाटली डाळ आणि पन्हं. डाळ आणि पन्हं ही जोडी ठरलेली आहे. डाळीत मिरची-मोहरी असते, त्यावर गोड-आंबट पन्हं बरोबर बसतं, आणि दोन्हींना लागणारी कैरी एकाच पिशवीतून येते. कर्नाटकातही रामनवमीला पानक आणि कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) अशीच जोडी असते, फक्त तिथल्या पानकात बऱ्याचदा कैरी नसते, गुळाचं पाणी, सुंठ, मिरी, वेलची आणि लिंबू असतं.

आता सोसायटीच्या हॉलमध्ये, ऑफिसात, मंडळात सगळीकडे पन्हं असतं. केटररने आणलेलं पन्हं हिरवंगार दिसलं तर त्यात रंग आहे हे समजून घ्यावं, कारण कैरी उकडली की हिरवेपणा जातो, गर फिकट पिवळसर होतो. साखर घातली तर पन्हं तसंच फिकट राहतं, गूळ घातला तर तांबूस-तपकिरी होतं, केशर घातलं तर थोडी पिवळी झाक येते.

कैरी कुठली घ्यायची

सगळं इथेच ठरतं. कैरी आंबट हवी आणि गर धरलेली हवी. अगदी कोवळी, कोय नीट न धरलेली कैरी लोणच्याला किंवा तिखटमीठ लावून खायला छान पण पन्ह्याला तिचा गर पुरत नाही आणि थोडी तुरट लागते. उलट पाडाला आलेली कैरी आतून पिवळी आणि गोडसर होते, तिचं पन्हं मिळमिळीत होतं. रायवळ म्हणजे गावठी कैरी सगळ्यात आंबट, वासालाही चांगली, फक्त तिला रेषा फार असतात, चोथा जास्त निघतो. तोतापुरी बाजारात सहज मिळते, गर भरपूर, रेषा कमी, पण आंबटपणा बेताचा, त्यामुळे नुसती तोतापुरी घेतली की पन्हं सपक लागतं आणि लोक मग वरून लिंबू पिळतात, त्यापेक्षा अर्धी रायवळ मिसळलेली बरी. कोकणात वाऱ्याने पडलेल्या हापूसच्या कैऱ्यांचं पन्हंही करतात.

कैरी आणल्यावर देठ काढून तासभर पाण्यात टाकून ठेवतात, कारण देठाशी चीक असतो. हा चीक ओठांना लागला की काहींना खाज सुटते, पुरळ येतं, आणि पन्ह्यात उतरला तर घशात खवखवतं.

कृती, म्हणजे घरोघरची

कैऱ्या अख्ख्याच कुकरच्या भांड्यात ठेवून डाळ-भातासारख्या दोन-तीन शिट्ट्या द्यायच्या. भांड्यात पाणी घालायचं नाही, नाहीतर सालं फुटून आंबटपणा त्या पाण्यात उतरतो आणि मग ते पाणीही वापरावं लागतं. गार झाल्या की साल हातानेच निघते, सालीच्या आतला गर चमच्याने खरवडून घ्यायचा, कोय पिळून घ्यायची. मग तो गर पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढायचा. मिक्सर सोपा आहे हे खरं, पण मिक्सरमध्ये रेषा बारीक तुटतात आणि गरातच राहतात, मग प्रत्येक घोटाला जिभेवर येतात, शिवाय वर फेस येतो. रायवळ कैरी असेल तर चाळणीला पर्याय नाही, तोतापुरीला मिक्सर चालून जातो.

गर गरम असतानाच चिरलेला गूळ घातला तर तो आपोआप विरघळतो. गुळात कधी कधी काडीकचरा, वाळू असते म्हणून काहीजण गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घालतात, ते चांगलं. प्रमाण साधारण असं: अर्धा किलो कैरीतून पाव किलोच्या आसपास गर निघतो, त्याला तीनशे ग्रॅम गूळ, एक छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलची पूड. गूळ घातलेल्या एक भाग गराला तीन भाग पाणी धरलं की जवळपास सव्वादोन लिटर पन्हं होतं. चाळीस बायकांच्या हळदीकुंकवाला छोटे ग्लास धरून पाच लिटर पुरतं, म्हणजे सव्वा किलो कैरी आणि पाऊण किलो गूळ आणायचा. पण हे आकडे सुरुवातीला धरायचे फक्त, कैरी किती आंबट निघेल ते उकडल्याशिवाय कळत नाही म्हणून सगळा गूळ एकदम घालू नये. आणि चव बघायची ती पाणी घालून, गार करून, कारण कोमट असताना जे बरोबर गोड लागतं ते बर्फासारखं गार झालं की कमी गोड लागतं.

मीठ विसरू नये. चिमूटभर मिठाने आंबट-गोड दोन्ही उठून येतं, मीठ नसलेलं पन्हं काहीतरी राहिल्यासारखं लागतं आणि नेमकं काय राहिलंय ते कळत नाही.

गर कधीही कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवायचा नाही, आंबटाने तो कळकतो. ॲल्युमिनियमही नको. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी वापरावी. फ्रीजमध्ये गूळ घातलेला गर आठवडाभर आरामात राहतो, ओला चमचा घातला की बुरशी येते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर आणखी टिकतो आणि दोन खडे ग्लासात टाकून पाणी घातलं की काम झालं. पिंपात पन्हं केलं की गर खाली बसतो, त्यामुळे पहिल्या दहा जणांना पाणी आणि शेवटच्या दहा जणांना गर असं होतं, म्हणून वाढणाऱ्याने दर वेळी डावाने तळापासून ढवळायचं. बर्फ पिंपात टाकू नये, तासाभरात सगळं पांचट होतं, माठातलं किंवा फ्रीजमधलं गार पाणी वापरायचं आणि बर्फ ज्याला हवा त्याच्या ग्लासात.

इतर तऱ्हा

विदर्भात कैरी चुलीत, निखाऱ्यात भाजूनही पन्हं करतात. साल काळी होईपर्यंत भाजायची, मग आतल्या गराला धुराचा वास लागतो, त्यात गूळ, मीठ, जिऱ्याची पूड. गॅसच्या बर्नरवरही जमतं पण वास तेवढा उतरत नाही. काही घरात कच्चीच कैरी किसून, पाण्यात कुस्करून, गाळून पन्हं करतात, ते रंगाला हिरवट, चवीला जास्त तरतरीत आणि त्याच दिवशी संपवायचं असतं. उत्तरेतलं आम पन्ना मात्र वेगळं: काळं मीठ, भाजलेलं जिरं, पुदिना, कधी मिरी, गोड कमी आणि खारट जास्त. बंगालमध्ये भाजलेल्या कैरीचं आम पोडा शरबत असतं. हल्ली कॅफेत पन्हं मागवलं की बऱ्याच वेळा पुदिना-जिऱ्याचं आम पन्नाच येतं. ते वाईट नसतं पण ज्याला वेलची-केशराचं पन्हं हवं होतं त्याची पंचाईत होते.

परदेशातले मराठी लोक इंडियन स्टोअरमधली फ्रोझन कैरी वापरतात. ऑस्ट्रेलियात चैत्रगौर येते ती तिकडच्या शरद ऋतूत, त्यामुळे तिथे हळदीकुंकवाचं पन्हं थंडी सुरू होताना प्यावं लागतं.

उष्माघात आणि पन्हं

उन्हातून आलेल्याला पन्हं देतात, ऊन बाधलं तर भाजलेल्या कैरीचा गर तळपायाला चोळायचीही पद्धत आहे. पन्ह्यात पाणी, साखर, मीठ तिन्ही आहे म्हणून घामाने थकलेल्याला बरं वाटतं हे पटण्यासारखं आहे. पण पन्हं म्हणजे ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं द्रावण) नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, तर वर दिलेल्या प्रमाणातल्या पन्ह्यात लिटरला 135 ग्रॅमच्या आसपास गूळ पडतो, म्हणजे गोडी दहापट. जुलाब होत असतील तर एवढं गोड पिऊन त्रास वाढू शकतो. अंग तापलंय, माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपतेय असं दिसलं तर पन्हं पाजत बसू नये, अंग गार करत थेट दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्यांनी गुळाचं आहे म्हणून चालेल असं धरू नये, साखरेच्या पन्ह्याइतकंच तेही जपून प्यावं लागतं. उकडताना कैरीतलं क जीवनसत्त्वही बरंच कमी होतं, तेवढ्यासाठी प्यायचं असेल तर किसलेल्या कच्च्या कैरीचं पन्हं बरं.